जुन्या प्रादेशिक ब्लूज ध्वनिमुद्रणांचे संकलन आणि त्याचे क्रमांक : नोंद कशी करावी

ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारात ‘मिसिसिपी ब्लूज’ एवढे नाव सांगितल्याने कोणते संकलन अभिप्रेत आहे हे ठरत नाही. ओरिजिन जॅझ लायब्ररी या अमेरिकन कंपनीने ओजेएल-५ या क्रमांकाने ‘द मिसिसिपी ब्लूज १९२७–१९४०’ हे संकलन काढले, आणि पुढे याझू कंपनीच्या मालिकेत एल-१००१ या क्रमांकाने ‘मिसिसिपी ब्लूज १९२७–१९४१’ आले. नावांत फरक दिसतो तो जेमतेम एका वर्षाचा, पण ही दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या निवडीची प्रकाशने आहेत. नावावर विसंबून केलेली नोंद अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते. म्हणून जुन्या ब्लूजच्या संकलनाची नोंद करणाऱ्याने नावाआधी क्रमांकाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी, आणि तो क्रमांक नेमका कशाचा आहे हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे.

हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, कारण अशा संकलनात क्रमांकांचे दोन थर असतात. पहिला थर संकलनाचा, म्हणजे आपल्या हातात असलेल्या एलपीचा किंवा सीडीचा : कॅटलॉग क्रमांक, बारकोड, कडेला कोरलेली अक्षरे. दुसरा थर संकलनातील प्रत्येक गाण्याचा, म्हणजे १९२० आणि १९३० च्या दशकांत ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर निघालेल्या त्या मूळ बाजूचा : मूळ कंपनी, मूळ कॅटलॉग क्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक (स्टुडिओत गाण्याला मिळालेला) आणि टेक (तेच गाणे कितव्यांदा गायले तो आकडा). पहिला थर वस्तू ओळखतो आणि दुसरा थर ध्वनिमुद्रण ओळखतो. हे दोन थर एकाच रकान्यात कोंबले की पुढची सगळी नोंद बिघडते, आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेक सदोष याद्यांचे मूळ याच एका घोटाळ्यात आहे.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात क्रमांकांची अक्षरे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष नोंद करताना मात्र ती रोमन लिपीत, जशी छापली आहेत तशीच, जोडरेघा आणि मोकळ्या जागा यांसह उतरवावीत.

मूळ बाजूपासून सुरुवात

संकलन हाती आले की कव्हर बाजूला ठेवून आतल्या टिपणांकडे वळावे. चांगल्या संकलनात प्रत्येक गाण्यासमोर मूळ कंपनी, क्रमांक, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण आणि तारीख दिलेली असते. ती दिलेली नसेल, तर गायक आणि शीर्षक यांवरून मूळ बाजू शोधून काढावी लागते. त्यासाठी डिक्सन, गॉडरिच आणि राय यांची ‘ब्लूज अँड गॉस्पेल रेकॉर्ड्स १८९०–१९४३’ ही सूची, म्हणजे १९९७ साली निघालेली तिची चौथी आवृत्ती, हा पहिला आधार आहे. व्हिक्टर, कोलंबिया आणि ओकेह या कंपन्यांच्या बाबतीत सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने चालवलेली अमेरिकन ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांची सूचीही विनामूल्य पाहता येते.

मूळ कॅटलॉग क्रमांक हा दुकानासाठी होता. तो तबकडीचा, म्हणजे दोन बाजूंच्या जोडीचा क्रमांक. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेल्या तबकड्यांना कंपन्या त्या काळी ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र क्रमांकमालिका राखून ठेवत. पॅरामाउंटची १२००० ची मालिका, ओकेहची ८००० ची, कोलंबियाची १४०००-डी, व्हिक्टरची व्ही-३८५००, डेकाची ७००० ची. या मालिका ओळखीच्या झाल्या की चुकीचा क्रमांक पाहताक्षणी खटकतो. कोलंबियाच्या क्रमांकातील शेवटचा ‘डी’ किंवा व्हिक्टरमधील सुरुवातीचा ‘व्ही’ ही सजावट नाही, तो क्रमांकाचाच भाग आहे. बार्बेक्यू बॉबच्या १९२७ मधल्या तबकडीची नोंद कोलंबिया १४२०५-डी अशीच व्हायला हवी.

मॅट्रिक्स क्रमांक मात्र स्टुडिओतला आहे. गायकाने एक गाणे मेणाच्या थाळीवर ध्वनिमुद्रित केले की त्या गाण्याला एक क्रमांक मिळे, आणि तेच गाणे पुन्हा गायले की शेवटी टेकचा आकडा बदले. म्हणून एका गाण्याची ओळख कॅटलॉग क्रमांकाने अपुरी आणि मॅट्रिक्स व टेक यांनी पुरी होते. रॉबर्ट जॉन्सनच्या ‘क्रॉस रोड ब्लूज’चे उदाहरण या कामात मला सर्वांत बोलके वाटते. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियो येथे त्याने ते दोनदा गायले. मॅट्रिक्स एसए-२६२९, टेक १ आणि २. व्होकॅलियन ०३५१९ या मूळ तबकडीवर पहिला टेक निघाला. १९६१ साली कोलंबियाने सीएल १६५४ या क्रमांकाची एलपी काढली तेव्हा संकलकाने तिच्यावर तोवर अप्रकाशित असलेला दुसरा टेक घेतला. १९९० च्या सी२के ४६२२२ या संचात दोन्ही टेक आहेत. आता एखाद्या संकलनात नुसते ‘क्रॉस रोड ब्लूज, १९३६’ असे लिहिले असेल, तर तुम्ही कोणता टेक ऐकत आहात हे त्या ओळीवरून कळणार नाही. दोन्ही टेक शेजारी शेजारी ऐकूनच ते ठरवावे लागेल, आणि ठरल्यावर एसए-२६२९-१ किंवा एसए-२६२९-२ असे पूर्ण लिहावे लागेल.

याहून अवघड प्रसंग ब्लाइंड लेमन जेफरसनच्या ‘मॅच बॉक्स ब्लूज’चा. मार्च १९२७ मध्ये त्याने ते अटलांटा येथे ओकेहसाठी गायले आणि ते ओकेह ८४५५ वर निघाले. त्यानंतर लवकरच त्याने पॅरामाउंटसाठी तेच गाणे आणखी दोनदा ध्वनिमुद्रित केले, आणि ही दोन्ही ध्वनिमुद्रणे १२४७४ या एकाच कॅटलॉग क्रमांकाखाली विकली गेली. त्यांचे मॅट्रिक्स क्रमांक ४४२४ आणि ४४४६ असे वेगळे आहेत. म्हणजे संकलनाने ‘पॅरामाउंट १२४७४’ असा मूळ क्रमांक प्रामाणिकपणे छापला, तरीही गाणे ओळखले गेले असे म्हणता येत नाही.

शेवटच्या अक्षराविषयी सावध राहावे. ओकेहच्या मॅट्रिक्सनंतरचे ए, बी, सी हे टेक दाखवतात. पॅरामाउंटच्या लेबलवर कॅटलॉग क्रमांकाला जोडलेले ए किंवा बी मात्र तबकडीची बाजू दाखवते. दोन्ही ठिकाणी अक्षर तेच, पण अर्थाचा काही संबंध नाही. नवखे नोंदकार हे बी सरसकट ‘दुसरा टेक’ समजतात आणि अस्तित्वात नसलेले टेक जन्माला घालतात.

मॅट्रिक्सच्या आधी येणारी अक्षरे पुष्कळ माहिती देतात. व्हिक्टरच्या बीव्हीई मधले बी हे दहा इंची तबकडीचे आणि व्हीई हे विद्युत ध्वनिमुद्रणाचे चिन्ह. ही पद्धत १९२५ पासूनची. एआरसी या कंपनीसमूहाच्या मॅट्रिक्समध्ये शहराचे नाव डोकावते : एसए म्हणजे सॅन अँटोनियो, डीएएल म्हणजे डॅलस. पॅरामाउंटने विस्कॉन्सिनमधील ग्राफ्टन येथे स्वतःचा स्टुडिओ सुरू केल्यानंतरच्या मॅट्रिक्सना एल हे अक्षर लागते. त्यामुळे १९३० मधल्या सन हाउसच्या आणि १९३१ मधल्या स्किप जेम्सच्या बाजूंवर एल दिसणे अपेक्षित आहे, तर जून १९२९ मधल्या चार्ली पॅटनच्या पहिल्या बैठकीच्या बाजूंवर ते दिसणार नाही. ती बैठक इंडियानातील रिचमंड येथे, गेनेट कंपनीच्या स्टुडिओत झाली होती. व्हिक्टरच्या त्या काळच्या लेबलवर मॅट्रिक्स छापलेला नसे, तो कंपनीच्या दफ्तरावरून मिळतो, आणि व्हिक्टरचे दफ्तर सुदैवाने उत्तम टिकले आहे.

पॅरामाउंटच्या बाबतीत असे दैव लाभले नाही. त्यामुळे त्या कंपनीच्या अनेक बाजूंच्या तारखा ‘सुमारे’ या शब्दासह दिलेल्या असतात. तो शब्द गाळू नये. ‘सुमारे फेब्रुवारी १९२६’ याचे कुणीतरी ‘फेब्रुवारी १९२६’ करतो, पुढचा एखादा त्याला ‘१ फेब्रुवारी’ करतो, आणि मग ती तारीख खरी म्हणून सर्वत्र फिरते.

स्वस्त विक्रीच्या तबकड्यांवर एकच ध्वनिमुद्रण निरनिराळ्या कंपन्यांच्या नावांनी निघत असे. एआरसीच्या परफेक्ट, ओरिओल, रोमिओ अशा नावांखाली निघालेल्या तबकड्यांचा क्रमांक तीन तुकड्यांचा असतो : पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा, तिसरा त्या महिन्यातील अनुक्रमाचा. रॉबर्ट जॉन्सनची परफेक्ट ७-०४-६० ही तबकडी म्हणजे १९३७ चा चौथा महिना. तीच दोन गाणी व्होकॅलियन ०३४४५ वरही आहेत. संकलनाने यांपैकी एकच क्रमांक दिला असेल तर तो चुकीचा नसतो. संकलकाच्या हाती कोणती प्रत होती याचा तो कदाचित पुरावा असतो, म्हणून दिलेला क्रमांक तसाच ठेवून दुसरा वेगळ्या रकान्यात लिहावा.

नावांचा गुंता

गायकाचे नाव दोनदा लिहावे : एकदा संकलनावर छापले आहे तसे, आणि एकदा सूचीने मान्य केलेले. ब्लाइंड विली मॅक्टेल व्हिक्टरसाठी स्वतःच्या नावाने गायला, कोलंबियासाठी ब्लाइंड सॅमी झाला, ओकेहसाठी जॉर्जिया बिल, आणि १९३२ मध्ये व्हिक्टरसाठीच हॉट शॉट विली. कंपन्यांशी असलेले करार सांभाळण्यासाठी ही सोंगे घेतलेली होती. पॅरामाउंटने तर १९२९ मध्ये पॅटनची १२८०५ ही तबकडी ‘मास्क्ड मार्व्हल’ या नावाने काढली आणि गायक ओळखण्याची स्पर्धाच लावली. त्याची धार्मिक गाणी १२७९९ वर एल्डर जे. जे. हॅडली या नावाने निघाली. हॅरी स्मिथ याने १९५२ मध्ये फोकवेज कंपनीसाठी केलेल्या ८४ बाजूंच्या संकलनात पॅटनची बाजू याच ‘मास्क्ड मार्व्हल’ नावाने घेतलेली आहे. ज्याने नोंदीत छापील नाव पुसून थेट ‘पॅटन’ लिहिले, त्याने संकलनाचा एक ऐतिहासिक तपशील हरवला. ज्याने फक्त छापील नाव ठेवले, त्याला पॅटनच्या बाजू शोधताना ही बाजू सापडणार नाही. पॅटनच्या नावाचे रोमन स्पेलिंगसुद्धा दोन प्रकारे आढळते, तेव्हा तेही दोन्ही ठिकाणी जसेच्या तसे असावे.

संकलनाचे स्वतःचे क्रमांक

आता हातातल्या वस्तूकडे वळू. कॅटलॉग क्रमांक कव्हरच्या पुढच्या किंवा मागच्या कोपऱ्यात, कडेच्या पाठीवर आणि लेबलवर अशा तीन ठिकाणी पाहावा आणि तिन्ही ठिकाणचा वेगळा उतरवून घ्यावा, कारण कव्हर एका छपाईचे आणि आतली तबकडी दुसऱ्या छपाईची असणे ही या क्षेत्रात नित्याची गोष्ट आहे. याझूच्या सुरुवातीच्या एलपी आधी बेल्झोना या नावाने निघाल्या होत्या, आणि नाव बदलल्यावरही क्रमांकांची मालिका तीच पुढे चालली. त्यामुळे एल-१००१ एवढ्यावरून पहिली छपाई आहे की नंतरची हे समजत नाही. त्यासाठी लेबलवरील कंपनीचे नाव नोंदवणे भाग पडते.

उलट बाजूने, एकाच संकलनाचे अनेक क्रमांक असू शकतात. वर उल्लेखलेले फोकवेजचे संकलन आधी एफपी २५१ ते २५३ या क्रमांकांनी निघाले, पुढे त्याचेच क्रमांक एफए २९५१ ते २९५३ झाले, आणि १९९७ च्या सीडी संचाला स्मिथसोनियन फोकवेजने एसएफडब्ल्यू ४००९० हा क्रमांक दिला. संकलन एक, प्रकाशने तीन. डिस्कॉग्स किंवा म्युझिकब्रेन्झ यांसारख्या सूचींमध्ये या दोन पातळ्या वेगळ्या ठेवण्याची सोय असते. आपल्या वहीतही ती ठेवावी.

एलपीच्या बाबतीत खरी ओळख पटते ती शेवटच्या गाण्याच्या खाचा आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर. टेबलावरचा दिवा एका बाजूला ठेवून तबकडी तिरपी धरली की तिथे कोरलेली अक्षरे उजळून दिसतात. काही हाताने ओरखडलेली असतात, काही यंत्राने ठोकलेली. हा फरकही नोंदवावा, कारण दोन छपायांमध्ये आकडे तेच राहून पद्धत बदललेली असू शकते. खोडलेले क्रमांकही उतरवून घ्यावेत. या पट्ट्यावरच्या क्रमांकालाही मॅट्रिक्सच म्हणतात, आणि घोटाळा इथेच होतो. एलपीचा मॅट्रिक्स हा एलपीच्या त्या संपूर्ण बाजूचा आहे, तीवरच्या सहा-सात गाण्यांशी त्याचा स्वतंत्र संबंध नाही. गाण्यांचे मॅट्रिक्स आधीच्या थरातले. माझ्या तक्त्यात मी एकाला ‘एलपी रनआउट’ आणि दुसऱ्याला ‘७८ मॅट्रिक्स’ असेच नाव देतो, मग गफलतीला जागा उरत नाही.

प्रकाशनाच्या वर्षासाठी वर्तुळातील पी या चिन्हाकडे बघतात. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण फेब्रुवारी १९७२ पासून मिळाले आणि तेव्हापासून हे चिन्ह तेथील तबकड्यांवर रूढ झाले. म्हणून ते चिन्ह असलेली अमेरिकन एलपी १९६० च्या दशकातील पहिली छपाई असण्याचा संभव फार कमी. या चिन्हापुढचे वर्ष मात्र १९२८ मधल्या गाण्याविषयी काहीही सांगत नाही.

सीडीच्या आतल्या कड्यावर, आरशासारख्या भागात, मॅट्रिक्सशिवाय आयएफपीआय (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) अशी अक्षरे आणि त्यापुढे एक छोटा संकेत दिसू शकतो. ही पद्धत १९९४ मध्ये सुरू झाली. एका प्रकारचा संकेत एल या अक्षराने सुरू होतो आणि तो मूळ मास्टर कोठे तयार झाला ते दाखवतो. दुसरा साच्याचा असतो. हे संकेत असतील तर ती विशिष्ट प्रत १९९४ पूर्वीची नाही, मग कव्हरवर १९९० का छापलेले असेना. जर्मनीतील एलसी क्रमांक दिसला तर उतरवून घ्यावा, पण तो कंपनीचा ओळखक्रमांक आहे, संकलनाचा नाही.

बारकोड सोपा वाटतो आणि म्हणूनच निष्काळजीपणे उतरवला जातो. अमेरिकन बारकोड बारा अंकी, युरोपीय तेरा अंकी. बारा अंकी क्रमांकाच्या आधी शून्य लावले की तो तेरा अंकी होतो, म्हणून एकच संकलन दोन सूचींमध्ये दोन क्रमांकांनी दिसले तरी दचकू नये. शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. उदाहरणार्थ, ०७४६४४६२२२२ हे अकरा अंक घ्या. यात मध्ये ४६२२२ हा वर आलेला कोलंबियाचा क्रमांक सहज ओळखू येतो. विषम स्थानांवरील अंकांची, म्हणजे ०, ४, ४, ६, २ आणि २ यांची बेरीज १८, तिची तिप्पट ५४. सम स्थानांवरील ७, ६, ४, २ आणि २ यांची बेरीज २१. एकूण ७५. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ८०ला पोहोचायला ५ कमी, म्हणून बारावा अंक ५. आपण उतरवलेल्या क्रमांकाचा हिशेब जमला नाही तर कुठेतरी अंक चुकला आहे हे निश्चित.

आयएसआरसी हा बारा चिन्हांचा संकेत वैयक्तिक ध्वनिमुद्रणाचा असतो, त्यामुळे तो मॅट्रिक्सची जागा घेईल असे वाटते. जुन्या ब्लूजच्या बाबतीत तो ती घेत नाही. त्यातले वर्षाचे दोन अंक संकेत दिला गेला त्या वर्षाचे असतात आणि प्रत्येक पुनर्प्रकाशक स्वतःच्या नव्या मास्टरला स्वतःचा संकेत देऊ शकतो. एकाच १९२८ च्या बाजूला त्यामुळे अनेक आयएसआरसी भेटतात. उपलब्ध असेल तर नोंदवावा, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

कोणती प्रत वाजवली

पॅरामाउंटने १९३२ मध्ये ध्वनिमुद्रण थांबवले आणि तिचे धातूचे साचे पुढे टिकले नाहीत. म्हणजे त्या कंपनीची जी बाजू आज संकलनात ऐकू येते ती कुणाच्या तरी संग्रहातील, बहुधा झिजलेल्या, लाखेच्या तबकडीवरून घेतलेली आहे. काही तबकड्यांच्या एक-दोनच प्रती ठाऊक आहेत. टॉमी जॉन्सनच्या पॅरामाउंट १२९५० ची एक प्रत २०१३ मध्ये ३७,१०० डॉलरना विकली गेली, ती या दुर्मिळतेमुळेच. दोन संकलनांतील एकच बाजू ऐकताना एकाच ठिकाणी तोच टक्क असा आवाज आला, तर दोन्हींचा उगम एकाच प्रतीत आहे असे मानायला आधार मिळतो. टिपणांत प्रत पुरवणाऱ्या संग्राहकाचा उल्लेख असल्यास तो नोंदवावा. गाण्याची लांबीही सेकंदांसह लिहावी. वाजवण्याच्या वेगात किंचित फरक पडला की लांबी आणि स्वर दोन्ही बदलतात, आणि दोन संकलनांतील फरक बहुतेक वेळा इथेच प्रथम लक्षात येतो.

प्रदेश कुणाचा

प्रादेशिक संकलनात ‘प्रदेश’ हा शब्द संकलकाने ठरवलेला असतो, तबकडीवर तो छापलेला नसतो. मिसिसिपीच्या नावाने निघालेल्या संकलनांतील फारच थोडे ध्वनिमुद्रण मिसिसिपीत झालेले आहे. डिसेंबर १९३० मध्ये ओकेहने जॅक्सन येथे आणि १९३६ मध्ये एआरसीने हॅटिसबर्ग येथे ध्वनिमुद्रण केले, असे काही अपवाद आहेत. एरवी पॅटन इंडियाना आणि विस्कॉन्सिनला गेला, टॉमी जॉन्सन १९२८ मध्ये व्हिक्टरसाठी मेम्फिसला, मिसिसिपी जॉन हर्ट त्याच वर्षी मेम्फिसला आणि नंतर न्यूयॉर्कला, रॉबर्ट जॉन्सन टेक्सासला. म्हणून गायकाचा प्रदेश आणि ध्वनिमुद्रणाचे शहर यांचे दोन रकाने असावेत, आणि संकलनाने लावलेले प्रादेशिक नाव तिसऱ्या रकान्यात. माझ्या मते याझूची एल-१००७ ‘जॅक्सन ब्लूज १९२८–१९३८’ यासारखी शहराला धरून केलेली निवड राज्याच्या नावाने केलेल्या मोघम निवडीपेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते, पण नोंदीत हे मत येऊ देऊ नये. तिथे फक्त संकलकाचे नाव आणि त्याने दिलेले शीर्षक.

ऑस्ट्रियातील योहान पार्थ यांनी सुरू केलेल्या डॉक्युमेंट कंपनीची पद्धत याहून निराळी आहे. डीओसीडी-५००१ पासून सुरू होणाऱ्या सीडी मालिकेत एकेका गायकाच्या सर्व उपलब्ध बाजू कालक्रमाने येतात. पहिलाच क्रमांक टॉमी जॉन्सनचा. प्रादेशिक संकलनातील बाजू ताडून पाहायला ही मालिका फार उपयोगी पडते, कारण बैठकीतील आधीच्या आणि नंतरच्या बाजू तिथे शेजारी असतात.

तक्त्यातले धोके

हे सर्व संगणकावरील तक्त्यात भरताना, पहिला अंक टाइप करण्याआधी क्रमांकांचे सगळे रकाने ‘मजकूर’ या प्रकारचे करून घ्यावेत. तसे न केल्यास व्होकॅलियन ०३४१६ चे सुरुवातीचे शून्य गळून ३४१६ उरते, बारा अंकी बारकोड घातांकाच्या रूपात दिसू लागतो, आणि परफेक्ट ७-०४-६० ची चक्क तारीख होते. शेवटची चूक विशेष वाईट, कारण ती एकदा झाली की मूळ क्रमांक काय होता हे तक्त्यावरून परत काढता येत नाही. एका संकलनासाठी एक ओळ आणि त्यातील प्रत्येक बाजूसाठी दुसऱ्या तक्त्यात एक ओळ ठेवावी. दोन्हींना जोडणारा क्रमांक आपण स्वतः द्यावा, कंपनीचा कॅटलॉग क्रमांक त्या कामाला वापरू नये, कारण तो दोन छपायांना समान असू शकतो हे वर आलेच आहे.

प्रत्येक माहितीसमोर ती कुठे दिसली हे एका शब्दात लिहावे : लेबल, कव्हर, रनआउट, टिपणे किंवा सूची. दोन ठिकाणी दोन गोष्टी असतील तर दोन्ही ठेवाव्यात आणि आपल्या निर्णयाचे कारण शेजारी द्यावे. वस्तूवर छापलेली चूक ही चूक असली तरी त्या वस्तूची ओळख आहे. ती दुरुस्त करून लिहिली तर पुढे तीच प्रत समोर आल्यावर ती ओळखता येत नाही. अंदाज असल्यास चौकोनी कंसात घालावा.

‘संपूर्ण’ असे म्हणवणाऱ्या संकलनांची नोंद करताना संकलन निघाल्याचे वर्ष अवश्य द्यावे. पॅरामाउंट १३०९६, म्हणजे सन हाउसची ‘क्लार्क्सडेल मोन’ असलेली तबकडी, दीर्घकाळ कुणालाच सापडलेली नव्हती. ती या शतकात सापडली, तेव्हा त्याआधीची त्याची सर्व ‘संपूर्ण’ संकलने एका तबकडीने अपुरी ठरली. विली ब्राउनची पॅरामाउंट १३०९९ अद्याप मिळालेली नाही. अशा बाजूंसाठी मूळ बाजूंच्या तक्त्यात ओळ करून ठेवावी, संकलनाचा रकाना रिकामा सोडावा, आणि एखादे दिवशी ती बाजू प्रकाशित झाली तर जुन्या नोंदीतील शीर्षकाला हात न लावता तेथे नव्या प्रकाशनाचा क्रमांक भरावा.